धामणीची गाठ

फार जुनी गोष्ट. वेळ सकाळच्या न्याहारीनंतरची. स्थळ, धनुष्यं करणाऱ्या झिपराची पडवी. झिपर दोरीसाठी वाख आणायला गेला होता.

तेवढ्यात दरबारचा मोजमापाचा गज तपासणीला आला. धनुष्यासाठी ठेवलेल्या धामण झाडाच्या दांड्यावर तो आडवा झाला आणि शेजारी पडलेल्या लाकूड तासायच्या तासणीला म्हणाला, "पाठीवर गाठ आहे. तासणीबाई, तासून टाका ती."

"ताई, नको गं," दांडा म्हणाला. "माझ्या लाकडाचा धागा त्या गाठीला वळसा घालून जातो. तो तुटला, की ओढताक्षणी मी मोडेन."

तासणीला हे ठाऊक होतं. झिपर गाठीच्या कडेकडेनेच तासायचा. गाठ त्याने कधी कापली नव्हती.

"पण गजराव, धागा..." तासणी म्हणाली.

"धागा माझ्या मापात येत नाही. तुम्हाला दरबाराचं काम हवंय ना?"

तासणीने गाठ तासली. गजाने दांडा पसंत केला. दरबारची पसंती म्हणून झिपराला परत आल्यावर त्याचंच धनुष्य करावं लागलं आणि ते पहिल्याच ओढीला त्याच जागी मोडलं.

चौकशी झाली. ती गजानेच केली. लाकूड कच्चं होतं, असं ठरलं. तासणी तीनदा सांगायला गेली. "तुमचं नाव साक्षीदारांच्या यादीत नाही," असं म्हणून तिला तीनदा परत पाठवलं.

गाठीचा ढलपा अजून पडवीत पडलेला आहे. गाठ कोणाच्या हुकमाने तासली, ते चौकशीच्या कागदात आजवर लिहिलेलं नाही.