सनदी सरांचं बटण

“...आणि त्या अहवालानं कुणाच्या पोराच्या ताटात काय पडतं, ते सांगा की.”

सनदी सर चालत राहिले.

“सांगा सर. मी विचारतोय.”

“पुढचं घर कुठलं? वाच.”

मोठ्या माणसांना उत्तर आलं नाही की ती काम सांगतात. मी कागद वर धरला. मालन मुरदंडे. समोरच्या बोळातलं पत्र्याचं घर.

“एवढं घर करतो, सर. उद्यापासून मी येणार नाही.”

“बरं,” सर म्हणाले.

का, म्हणून विचारलंसुद्धा नाही.

सर इचलकरंजीतल्या यंत्रमागवाल्यांच्या घरांची पाहणी करत होते. घरातलं काम बंद पडलं की पोरांच्या आणि आईबापांच्या मनाचं काय होतं, हे पुण्यातल्या एका संस्थेला जाणून घ्यायचं होतं. मी तेव्हा इंजिनिअरिंग अर्धवट टाकून घरात भिंतीकडं तोंड करून पडलेला. वडिलांनी मला समजवायला माणसं आणली. मामा आले. एक ज्योतिषी आला. एक निवृत्त फौजदारही येऊन गेला. सगळे बोलले, भजी खाऊन गेले.

मग सनदी सर आले. चहा प्याले. जाड चष्मा पुसत म्हणाले, “मला आता बारीक अक्षर दिसत नाही रे. माझ्याबरोबर फिरून वाचून देशील?”

एवढंच. आंधळ्या म्हाताऱ्याची कीव आली म्हणा, मी गेलो.

मालनताईंच्या पुढच्या खोलीत मागाची जागा रिकामी होती. फरशीला बोल्टांची भोकं, तेलाचा काळा डाग. त्यांची सहा वर्षांची आरोही भिंतीला पाठ लावून बसलेली. आमच्याकडं बघत होती, बोलत नव्हती.

मी प्रश्न वाचायला लागलो.

“घरात कुणाला उदास वाटतं का? कधीच नाही, कधीकधी, नेहमी.”

“बरं हाय की.”

“मुलीची झोप?”

“बरी हाय.”

“जेवण?”

“सगळं बरं हाय, भाऊ. च्या ठेवू?”

“नको. ज्यांना प्रश्न विचारायचे त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही, असा नियम आहे.”

अर्धवट उठलेल्या त्या पुन्हा बसल्या.

“काकू, माग भंगारात गेला, पोरगी अशी बसलीय, आणि सगळं बरं? खोटं लिहून घ्यायला आलोय का मी?”

त्यांनी पदर सारखा केला...

खरं तर राग त्यांच्यावर नव्हता. पाहुणा आला की आमच्या घरीही सगळं बरंच असतं. मी आतल्या खोलीत पडलेला असायचो आणि वडील बाहेर सांगायचे, अभ्यास करतोय.

आता सर मला झापतील असं वाटलं. वाट बघितली.

सर आपल्या बाहीशी चाळा करत होते. दोन बोटांत बटण धरलं, पिळलं, ओढून काढलं. मी बघितलं. मी बघितलं हे त्यांनीही बघितलं.

“मालनबाई,” ते म्हणाले, “एवढं बटण लावून देता? अशी बाही लोंबत कुठं फिरू?”

“त्यात काय. द्या की.”

त्या उठल्या. डब्यातून सुई काढली, दोरा काढला.

“आणि चहा ठेवाच. थांबायचंच आहे तर.”

“सर, नियम,” मी म्हणालो.

“तू नको पिऊ.”

मालनताई हसल्या. आधण ठेवून दाराच्या उजेडाला बसल्या आणि दोरा ओवायला लागल्या.

“मामंजींची बटणं मीच लावायची,” त्या म्हणाल्या. “मागाच्या दांड्याला बाही अडकायची त्यांची. शिव्या मागाला द्यायचे.”

सर हं म्हणाले.

दोरा नेढ्याच्या बाजूनं जात होता.

“सर... हिला झोप न्हाई. जन्मल्यापासनं खटखटीत झोपलेली पोर. माग गेला आन घर गप झालं. आता शेजाऱ्याच्या भिंतीला कान लावून पडती. त्यांचा माग चालू झाला की डोळा लागतोय तिचा.”

त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं.

“आमचं मालक म्हणत्यात, भाईर बोलायचं न्हाई. त्येंचं बी बरोबर हाय.”

दोरा पुन्हा चुकला.

“आन माझं म्हणाल तर... मी बी त्याच भिंतीला टेकती.”

त्यांचे डोळे भरले. सुई दिसेना.

सरांनी हात पुढं केला. सुई घेतली, दोरा घेतला. त्या अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांजवळही न नेता, एका खेपेत ओवून परत दिला.

माझं पेन थांबलं.

मालनताईंनी बटण लावलं, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. चहा दिला. मीही प्यालो.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. आरोहीही आली, आईचा पदर धरून.

“बरं झालं सर, तुमचं बटण तुटलं,” त्या म्हणाल्या. “लई दिसांनी कुणी काम सांगितलं. दुसऱ्या बाहीचं बी सैल झालंय बगा. तुटलं की या.”

“येतो,” सर म्हणाले.

आम्ही बोळाबाहेर आलो. शेजारचे माग चालू होते. मी थांबलो.

“सर.”

“हं.”

“तुम्हाला सुईचं नेढं दिसतं.”

सरांनी नुकत्याच लावलेल्या बटणावरून बोट फिरवलं.

“फौजदार आला होता मला समजवायला,” मी म्हणालो. आभार कसे मानतात ते आमच्या घरात कुणी शिकवलं नाही. “सर, मी...”

सरांनी चष्मा काढला. घडी करून खिशात ठेवला. माझ्या हातातल्या कागदावर बोट टेकवलं.

“पुढचं घर कुठलं?” ते म्हणाले. “वाच. मला दिसत नाही.”