मैनेने आणलेला आवाज

त्या राज्यात तरुणांनी नदीपलीकडे जायचं आणि म्हाताऱ्यांनी अलीकडे राहायचं, असं कधीतरी ठरून गेलं होतं. पलीकडची माती मऊ होती, शिकार मुबलक होती. अलीकडे बिळं होती, आणि एकेका बिळात एकेक म्हातारा जीव.

तरुणांना काळजी वाटत नव्हती असं नाही. म्हणून तर मैनांची शाळा निघाली. शिकून तयार झालेली मैना रोज सकाळी म्हाताऱ्यांच्या दारी जाई आणि विचारी, “उठलात का? खाल्लंत का? काही दुखतंय का?” मग नदी ओलांडून लेकरांना निरोप देई. निरोप कुणाचाही असो, तो शाळेत घोटलेल्या गोड सुरातच द्यायचा, असा नियम होता. ऐकणारे सुटकेचा श्वास टाकत आणि पुन्हा माती उकरायला लागत.

भिवाक्का ही मुंगसांतली म्हातारी. तिचा मुलगा केरबा पलीकडे होता. त्याने धाडलेली मैना पहिल्यांदा दारात आली, तेव्हा अक्काने तिला हुसकूनच लावलं. दुसऱ्या दिवशी मैना पुन्हा हजर. आठवडाभरात अक्काला तिची गंमत वाटू लागली.

“काल मी वाघाची शेपटी ओढली,” अक्का म्हणाली.

“वा, छान! काही दुखतंय का?”

“मला नाही. वाघाला विचार.”

“वा, छान!”

अक्का हसून हसून लोळली. पुढेपुढे तर उजाडल्यापासून ती बिळाच्या तोंडाशी येऊन बसू लागली. मैना आली की नवऱ्याच्या खोड्या सांगायची, शेजारणीची भांडणं सांगायची. मैना सगळ्याला छान म्हणायची, पण ऐकायची मात्र शेवटपर्यंत.

एकदा ओढ्यावर खेकडा धरताना अक्का शेवाळावरून घसरली. मागचा पाय टम्म सुजला. कशीबशी फरफटत ती बिळात आली.

“काही दुखतंय का?” सकाळी मैनेने विचारलं.

अक्काने सुजलेला पाय पोटाखाली ओढला. केरबाला नुकतीच पिल्लं झाली होती. दुखतंय म्हटलं की तो सगळं टाकून येणार, आणि मग तिला पलीकडे नेणार. हे बीळ, हा ओढा, सगळं सुटणार.

“बरी आहे,” ती म्हणाली.

तीन दिवस तिने हेच उत्तर दिलं. चौथ्या दिवशी मैना तिन्ही प्रश्न विचारून झाल्यावरही उडाली नाही.

“अक्का, आज बाहेर का नाही बसलात?”

हा प्रश्न शाळेत शिकवलेला नव्हता. अक्काने तोंड फिरवलं. “बरी आहे गं. जा तू.” आवाज मधेच चिरकला.

मैना नदीवरून उडाली खरी, पण तिच्या डोक्यात अक्काचे ते शब्द गरगरत होते. केरबासमोर उतरून तिने चोच उघडली, तर शाळेचा गोड सूर कुठल्या कुठे गेलेला. बाहेर पडला तो भिवाक्काचाच आवाज, थकलेला, मधेच चिरकलेला. “बरी आहे गं. जा तू.”

केरबाच्या तोंडातला घास तसाच राहिला.

“पुन्हा म्हण.”

मैनेने पुन्हा म्हटलं.

“दोन वर्षांत आईचा आवाज ऐकला नव्हता मी,” केरबा म्हणाला आणि थेट नदीत शिरला.

बिळाच्या तोंडाशी ओलाचिंब मुलगा बघून अक्का लंगडत पुढे आली, पण आधी चिडलीच. “कुणी बोलावलं तुला?”

“पाय दाखव.”

“कुठला पाय?”

“आई, जो लपवून बसलीयेस तो.”

अक्काने पाय पुढे केला. “पलीकडे नेणार असशील, तर आत्ताच परत जा.”

“नाही नेत. पण सूज उतरेपर्यंत मी इथून हलणार नाही,” केरबा म्हणाला आणि ओढ्यावर खेकडे आणायला गेला. किती दिवसांनी अक्काने आयता घास खाल्ला! वर, खेकडा शिळा आहे म्हणून कुरकुरही केली.

शाळेने त्या मैनेला सूर बिघडला म्हणून पुन्हा पहिल्या वर्गात बसवलं. पण पलीकडच्या बिळांतून गोष्ट फिरली होती. दुसऱ्या दिवशी गोड सुरातला निरोप आला, तेव्हा एक कोल्हा म्हणाला, “असं नको. आई जसं म्हणाली, तसं म्हण.” शेजारच्या उदमांजरानेही तेच मागितलं. मैना एकमेकींकडे बघू लागल्या. मग त्यांतल्या एकीने घसा खाकरला.

पलीकडच्या काठावरच्या वाळूत तोवर फक्त मैनांच्या बारीक नखांच्या रेघा असत. त्या दुपारी त्या रेघा पुसून टाकत जड, घाईची पावलं उमटली होती, लहान-मोठी, नाना तऱ्हेची, आणि सगळी पाण्याच्या दिशेने.