चाळीस हजार रेषा

एकदा एका विद्यापीठात एक वृद्ध प्राध्यापक होते, केंभावी सर. एकाच वेळी चालणारी अनेक कामं परस्परांना कुठे गाठतात आणि कुठे अडवतात, हे त्यांचं शास्त्र. विषय संगणकाचा, पण सर शिकवायचे खडू-फळ्यावरच, आणि उत्तर चुकलं की तोच खडू सणसणत यायचा. वयामुळे आता त्यांच्याकडे एकच शिष्य उरला होता, सौमित्र. चार वर्षं खडू खाऊन त्याचा प्रबंध संपत आला होता.

त्या शहरातल्या एका व्यापाऱ्याचं बस-रिक्षाचं अॅप होतं. चाळीस हजार माणसांची वर्षभराची ये-जा त्याने सौमित्रला अभ्यासासाठी दिली होती. अॅप फोनमध्ये दिवसभर नोंद घेत राहायचं: कोण किती वाजता निघालं, कुठे थांबलं, किती वेळ थांबलं, सगळं. सौमित्रने त्यातली नावं काढली, नंबर काढले, घराजवळचा भाग पुसला. उरली ती प्रत्येकाची एक निनावी रेषा. मग त्याने एकेक रेषा वेगळी घेऊन तपासली. या रेषेवरून माणूस ओळखता येत नाही, असा निर्वाळा चाळीस हजार वेळा मिळाला. आता हा संच जगासाठी खुला करायचा आणि त्यावर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायचं, एवढंच बाकी होतं. हवी होती फक्त सरांची सही. ती झाली नाही तर सगळ्या प्रती पुसायच्या, असं करारात होतं.

"दोन दिवस राहू दे माझ्याकडे," सर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सौमित्र गेला तेव्हा व्यापारी पेढ्यांचा पुडा घेऊन आधीच येऊन बसला होता. सरांनी सहीचा कागद बाजूला सारला आणि सौमित्रच्या हातात एक चिठ्ठी ठेवली.

"वाच. मनातल्या मनात."

चिठ्ठीत दोन ओळी होत्या. 'रोज सकाळी सात-दहाची बस, जुना जकातनाका. दर गुरुवारी सहा ते पावणेसात, तलावामागची बाग, तुझ्यासोबत.'

सौमित्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुरुवारी बागेत भेटायची ती त्याची वृंदाताई होती. नवऱ्याने तिचा हात मोडल्यावर तिने घर सोडलं, त्याला आठ महिने झाले होते. ती कुठे राहते हे आईलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. नवरा दोनदा विद्यापीठाच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला होता. "कुठे लपवलीस बोल! सापडली ना, तर जिवंत सोडणार नाही." सौमित्रने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

"माझ्या मागे माणूस लावलात?" तो सरांवर ओरडला. चार वर्षांत पहिल्यांदा. "या वयात हे धंदे? लाज नाही वाटली, सर?"

"हळू! माणूस कसला लावतोय मी?" सर त्याच्याहून वरच्या पट्टीत गेले. "खुर्चीतून उठलोसुद्धा नाही मी. पाऊण तास लागला, पाऊण! आणि मग दोन दिवस डोकं धरून बसलो, की चार वर्षं मी या गाढवाला शिकवलं तरी काय!"

ते उठून फळ्यापाशी गेले.

"अॅप माझ्याही फोनमध्ये आहे, माझी रेषा मला लगेच सापडली. इथे रोज पावणेनऊला येणाऱ्या शंभर रेषा आहेत. त्यांतली रोज दुपारी माझ्या रेषेशेजारी दोन तास बसणारी एकच. तो तू. तुझ्या रेषेला दर गुरुवारी दुसरी एक येऊन भेटते. तिच्यामागून गेलो, तर थेट बसथांबा. ती रेषा कोणाची, मला ठाऊक नाही. तुझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर काय लिहिलंयस रे? दोन कामं एकेकटी तपासली आणि निर्दोष ठरली, म्हणून ती एकत्र निर्दोष ठरत नाहीत. यंत्रांच्या बाबतीत हे तुला झोपेतही आठवतं. मग माणसं एकेकटी कशी तपासलीस? माणूस एकटा असतो का कधी?"

सौमित्रच्या डोक्यात पुढचं गणित आपोआप सुटत गेलं. तिच्या नवऱ्याच्या फोनमध्येही हेच अॅप होतं. स्वतःची रेषा तो सहज ओळखेल. विद्यापीठाच्या फाटकापाशी दोनदा त्याच्या रेषेला जी भेटली, ती सौमित्रची. आणि सौमित्रच्या रेषेला गुरुवारी भेटते ती...

"बहीण आहे ती माझी," तो म्हणाला. "तिची रेषा काढून टाकतो, सर. दोन मिनिटांचं काम आहे."

"हो ना, काढा की एक," व्यापारी घाईने म्हणाला. "एवढं काय त्यात? आणि लोकांनी स्वतः 'मान्य आहे' दाबलेलं आहे."

खडू सणसणत गेला तो पेढ्यांच्या पुड्यावर. "बसचं तिकीट मिळावं म्हणून दाबलं त्यांनी!" मग सर सौमित्रकडे वळले. त्यांचा आवाज एकदम खाली आला, आणि सौमित्रला तो ओरडण्यापेक्षा जड गेला. "तुझी बहीण तुला सापडली, म्हणून तू ती काढशील. बाकीच्यांच्या बहिणी कोण काढणार? त्यांचे भाऊ इथे कामाला नाहीत."

सौमित्रने चिठ्ठीचे बारीक तुकडे केले, संगणकापुढे बसला आणि सगळ्या प्रती पुसायला लागला. व्यापारी नाही नाही ते बोलला. कृतघ्न म्हणाला, वर्ष वाया घालवलं म्हणाला. त्यात वर्षाचं तेवढं खरं होतं. शेवटचं प्रकरण गेलं आणि प्रबंध वर्षभर लांबला. सौमित्रला राग आला, पण तो आता स्वतःवरचा होता, आणि तो बरेच दिवस गेला नाही.

आपल्यापुढेही कधीतरी असा कागद येईल, 'नावं काढली आहेत' म्हणणारा. सही करण्याआधी एवढंच विचारावं, की सगळ्या रेषा एकत्र ठेवून पाहिल्यात का?

दुसऱ्या दिवशी वृंदाताईने जुन्या जकातनाक्यावर सात-दहाची बस पकडली. थांब्यावर नेहमीचीच माणसं होती.