कार्सूनाच्या देवीचा होकार

हा चौथरा रिकामाच आहे, मंडळी. मूर्ती संग्रहालयात हलवली का, असं सगळेच विचारतात. नाही. दोन हजार वर्षांपूर्वी तिला रोमला नेलं. या टेकडीची किल्ली माझ्या घराण्याकडे आहे, म्हणून घरात ऐकलं तसं सांगतो.

इथे कार्सूना नावाचं शहर होतं आणि रोमन सैन्याने त्याला वेढा घातला होता, असं सांगतात. रोमन लोक शहरं जाळत, माणसं विकत. शत्रूच्या देवांना मात्र फार जपत. देव दुखावला तर आपल्यालाच भोवेल, ही धास्ती. म्हणून त्यांचा पुरोहित तटाखाली उभा राहून आमच्याच देवीला आळवू लागला, "आई, हे शहर सोड. आमच्याकडे ये, याहून मोठं देऊळ बांधतो." काय हा मानभावीपणा!

तट पडला. तेव्हा काही शिपाई आंघोळ करून, पांढरी वस्त्रं नेसून देवळात आले. देवीला विचारायचं आणि तिने होकार दिला तरच न्यायचं, असा त्यांचा नेम होता. होकार नाही मिळाला तर हात न लावता तिथेच ठेवायचं. आणि शहर तर पेटलंच होतं.

देवीजवळ एकटी तिची पुजारीण रामथा होती. चाळीस वर्षं तिनेच देवीला न्हाऊमाखू घातलं होतं. मूर्ती लाकडाची. गळ्यात माळा घालता याव्यात म्हणून मान खुंटीवर बसवलेली, मागून खुंटी सैल केली की पुढे झुकायची. हे फक्त रामथाला ठाऊक होतं.

शिपायाने हात जोडून विचारलं, "आई, रोमला येतेस?"

देवी स्तब्ध. शेजारचं छप्पर धडाडून कोसळलं. रामथा देवीची शाल सावरायला म्हणून मागे गेली, आणि देवीची मान हलली.

शिपाई म्हणे आनंदाने रडले. तिला अलगद उचलून घेऊन गेले.

वाचलेली माणसं रानात जमली. घरं गेली, पोरं गुलाम झाली, ते त्यांनी कसंबसं सोसलं. पण देवी आपणहून गेली, हे कुणालाच सोसवेना. लार्थिया नावाच्या बाईची दोन्ही मुलं नेली होती. ती म्हणाली, "तिलाही आम्ही नकोसे झालो." आणि देवीच्या नावाने थुंकली.

रामथा गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण देवीवरचा बोल तिला ऐकवेना. "तिने नाही गं मान हलवली. मी हलवली. ती तुमच्याबरोबर जळायला बसली होती."

मग लार्थिया म्हणाली, "मग जळू द्यायचं होतंस. आमची होती ती."

त्यानंतर माणसं देवीसाठी पोटभर रडली. रामथाशी मात्र कुणीही बोललं नाही. ती मरेपर्यंत इथे एकटीच राहिली आणि रोज हा रिकामा चौथरा धूत असे.

आजही आमच्या गावात मान हलवून दिलेला होकार कुणी धरत नाही, 'हो' तोंडाने म्हणावं लागतं. माझ्या बायकोला लग्नात हुंदका आवरेना, तेव्हा सगळे तिच्या तोंडून शब्द निघेपर्यंत ताटकळले होते. दर वर्षी आम्ही चौथरा धुतो, आणि वडीलधारं माणूस सगळ्यांना विचारतं, "रामथाला माफ केलं का?"

कितीतरी माना हलतात. तोंडाने 'हो' अजून कुणी म्हटलेलं नाही.