हौदातला आजारी पाहुणा

गलबतं शिडांवर चालायची आणि सासरी गेलेल्या लेकीची खुशाली कळायला अख्खा पावसाळा जायचा, त्या फार फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनो, ऐका, मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका.

समुद्रकाठच्या एका राज्यात एक छोटं बंदर होतं. तिथली एक रीत मोठी गोड होती. मुलगी लग्न होऊन निघाली की नदीतली एक मासोळी लोटीतून आणायची आणि माहेरच्या अंगणातल्या दगडी हौदात सोडायची. लेक डोळ्यांआड गेली, तरी तिची मासोळी आईबापांच्या डोळ्यांसमोर राहायची.

एका म्हाताऱ्या तांडेलाच्या हौदात अशा तीन मासोळ्या होत्या. जन्मभर त्याने गलबत हाकलं होतं. आता गलबतावरचं काम सुटलं होतं, बायको देवाघरी गेली होती आणि तिन्ही लेकी तीन दिशांना नांदत होत्या. रोज सकाळी तो हौदाच्या काठावर बसून भाताची शितं टाकी. थोरलीची मासोळी आधी दुसऱ्यांना खाऊ देई, अगदी थोरलीसारखी. मधलीची उगाच धावपळ करी. आणि धाकटीची तर त्याच्या बोटांतूनच शीत ओढून नेई. धाकटीही लहानपणी त्याच्या ताटातला घास अशीच पळवायची. म्हातारा खुदकन हसे आणि मग त्याचे डोळे भरून येत. किती भरलेलं घर होतं ते!

एकदा त्याचा जुना सोबती लांबच्या सफरीहून परतला. त्याने घागरीतून एक मासा आणला होता, आफ्रिकेतल्या कुठल्याशा अफाट तळ्यातला. वीतभर लांब, पांढुरक्या अंगावर तपकिरी डाग, आणि तोंड भलतंच मोठं.

"तुझ्या हौसेसाठी आणलाय," सोबती म्हणाला. "पण ह्याला हौदात नको, परसातल्या पाण्याच्या दगडी डोणीत वेगळा ठेव हो. दिसतो गरीब, आहे शिकारी."

"अरे, एवढ्या लांबून आलेला जीव! एकटा ठेवला तर कसं होईल त्याचं?" तांडेल म्हणाला. एकटं राहणं कसं असतं, ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? सोबती पुढच्या सफरीला गेला आणि ह्याने पाहुण्याला सरळ हौदात सोडलं.

दोन दिवस पाहुणा कोपऱ्यात गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी तो तळाच्या वाळूवर आडवा पडला. हलेना की डुलेना. तांडेलाच्या काळजात चर्र झालं. घराच्या आठवणीने आजारी पडलं बिचारं! इतक्यात तिन्ही मासोळ्या हळूहळू त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या अंगाला तोंड लावून पाहू लागल्या.

"बघा, विचारपूस करायला गेल्या!" म्हातारा गहिवरला. "शेवटी माझ्याच लेकी त्या!" आणि पाहुण्यासाठी कोळंबी सोलायला तो घरात गेला.

परत आला, तर पाहुणा ताजातवाना होऊन पोहत होता. मासोळ्या मात्र दोनच होत्या. थोरलीची कुठे दिसेना. म्हाताऱ्याने झाडावरच्या खंड्या पक्ष्याला शिव्या घातल्या आणि हौदावर जाळं बांधलं. आठ दिवसांनी पाहुणा पुन्हा आजारी पडला, पुन्हा बरा झाला, आणि मधलीचीही गेली. जाळं होतं तसंच होतं. म्हाताऱ्याला शंका आली नाही असं नाही. पण आजाऱ्यावर संशय घ्यायला त्याचं मन धजेना.

मग धाकटी माहेरपणाला येते आहे, असा निरोप आला. म्हातारा हरखून गेला. ती यायच्या दिवशी सकाळपासून तो हौदापाशीच बसून होता. पाहुणा आडवा पडलेला होता. धाकटीची मासोळी त्याच्याकडे निघाली. आज म्हातारा उठला नाही, म्हणून त्याला दिसलं: मेल्यासारख्या पडलेल्या त्या माशाचा डोळा मासोळीबरोबर फिरत होता. त्याने जाळं ओरबाडून हौदात हात घातला. तोवर ते मोठं तोंड उघडून मिटलंही होतं.

एवढ्यात धाकटी आली. बोचकं काखेत तसंच ठेवून ती आधी हौदाशी गेली.

"बाबा, माझी मासोळी?"

म्हाताऱ्याने सगळं सांगितलं. "फसवलं गं त्याने मला! मी आत्ताच्या आत्ता नदीवरून दुसरी आणतो."

"ती घर सोडतानाच आणायची असते, बाबा," धाकटी म्हणाली. तिने काखेतलं बोचकं काठावर ठेवलं. मग म्हणाली, "त्याने कुठे फसवलं? तो त्याच्या तळ्यात जगायचा, तसाच इथे जगला. आम्हाला देताना तू गावोगाव पायपीट केलीस. सासू कशी, दीर कसा, पाणी किती लांबून आणावं लागतं, सगळं विचारलंस. आणि आमच्या मासोळ्यांच्या घरात कोण येतंय, ते सांगितलं तरी ऐकलं नाहीस?"

बापलेक हौदाशी बसून पोटभर रडली.

त्याच संध्याकाळी त्याने पाहुण्याला डोणीत हलवलं. तिथे तो एकटाच मजेत राहिला, खाऊनपिऊन दीड वीत झाला. म्हाताऱ्याने त्याचा राग कधी केला नाही, त्याची कोळंबी कधी चुकवली नाही. पण लेकींची आठवण आली की बघायला आता हौदात काही उरलं नव्हतं.

तात्पर्य: कोणालाही घरात घेताना आपल्या मनातली दया पुरत नाही, त्याचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो.