कनकांगीने हरलेले तीन डाव

एका राज्यात पक्षी बोलत, झाडे ऐकत आणि माणसे दोघांनाही मान देत. त्या राज्याचा राजा वीरकेतू. त्याला एकच कन्या, तिचे नाव कनकांगी. ती चार वर्षांची असताना राणी वारली. तेव्हापासून राजाने एक नेम धरला. दरबार उठला, दिवेलागण झाली, की तो मुकुट काढून ठेवी, लेकीसमोर सारीपाट मांडी आणि म्हणे, “ये कनू, आज तुला हरवतोच.”

आणि रोज तो स्वतःच हरे.

हरे म्हणजे काय, हरण्याची खटपट करी. चांगले दान पडले की भलतीच सोंगटी पुढे सरकवी. लेकीची सोंगटी मारता येत असली तरी काणाडोळा करी. शेवटी कपाळाला हात लावून म्हणे, “हरलो गं बाई, पुन्हा हरलो!” मग कनकांगी टाळ्या पिटून हसे. ते हसू थेट राणीचे होते. त्या हसण्यापायी राजाने पाच वर्षांत एकही डाव जिंकला नाही.

कनकांगी नऊ वर्षांची झाली आणि राजवाड्यातल्या इतर मुलांबरोबर खेळू लागली. माळ्याची मुलगी भिवरा तिच्याच वयाची. हाताने चपळ, बोलायला सडेतोड. पहिल्याच दिवशी सागरगोट्यांत भिवराने राजकन्येला हरवले. काय झाले ते कनकांगीला कळेचना. तिला वाटले, हे सागरगोटेच वाईट. तिने ते बदलले आणि पुन्हा हरली. मग लपंडावात तिच्यावर राज्य आले, तेव्हा ती बोटांच्या फटीतून बघू लागली. लंगडीत पाय टेकला, तरी टेकलाच नाही म्हणू लागली.

“रडी खाऊ नकोस,” भिवरा म्हणाली.

“मी राजकन्या आहे.”

“म्हणून तर सांगतेय. दुसरी कुणी असती, तर खेळलेच नसते.”

कनकांगी फणकाऱ्याने निघाली आणि खजिन्याच्या दालनात जाऊन बसली. तिथे एका कोनाड्यात पितळी डबी होती. डबीत तीन सागरगोटे होते, माणकासारखे लाल. खजिन्याची राखण एक म्हातारी साळुंकी करी. ती वरून म्हणाली, “राजकन्ये, त्यांना हात लावू नकोस. एका मांत्रिकाने ते घडवले आहेत. जवळ बाळगून नुसते चाचपले, की कोणताही डाव जिंकता येतो.”

“मग त्यात वाईट काय?”

“ते त्या मांत्रिकालाच विचारायला हवे. पण तो तीनशे वर्षांत कुणाला दिसलेला नाही.”

कनकांगीने पुढचे ऐकलेच नाही. तिने ते सागरगोटे चंचीत घातले आणि चंची कमरेला बांधली.

दुसऱ्या दिवशी तिने भिवराला सात वेळा हरवले. मग तिने कुणालाच सोडले नाही. सेनापती बुद्धिबळात हरला, प्रधान सारीपाटात, आचारी कोडी घालण्यात, आणि पागेतला सर्वांत वेगवान स्वार धावण्यात. दासी हरल्या, पहारेकरी हरले. सगळे राजकन्येचे कौतुक करीत. एकटी भिवरा म्हणाली, “आता मजा येत नाही.” खरे सांगायचे तर कनकांगीलाही येत नव्हती. पण थांबायचे म्हणजे हरायचे, आणि तेवढे तिच्याच्याने होईना. महिन्याभरात चंचीच्या बळावर तिचे नव्याण्णव डाव जिंकून झाले.

शंभरावा डाव बापाशी झाला. तोवर बापासमोर चंचीला हात लावायची तिला कधी गरज पडली नव्हती. पण त्या संध्याकाळी फाशांना काय झाले होते कोण जाणे. राजाने हरायचे किती प्रयत्न केले! भलती सोंगटी हलवावी, तर तीच लेकीच्या सोंगटीवर जाऊन पडे. कनकांगीचा चेहरा उतरला, ओठ थरथरू लागले. तिचा हात हळूच कमरेकडे गेला.

फासे फिरले. ती जिंकली.

“हरलो गं बाई,” राजा म्हणाला, आणि हसून त्याने मान वर केली. मग म्हणाला, “कनू? कुठे गेलीस?”

“बाबा, मी इथेच आहे.”

राजाने पडद्यामागे पाहिले, पलंगाखाली पाहिले. “लपली आहेस का? मी शोधू?” तो हसत होता. थोड्या वेळाने त्याचे हसू मावळले. त्याने हाका मारल्या. दासी धावल्या, पहारेकरी धावले. कनकांगी प्रत्येकासमोर उभी राहून ओरडली. तिच्यातून पलीकडे बघितल्यासारखे ते बघत आणि पुढे जात.

आठही दिशांना स्वार गेले. राजा दरबारात येईनासा झाला. कालव्याचे पाणी आधी कोणत्या गावाला सोडायचे हे सांगायला कुणी उरले नाही. गावे भांडू लागली, आणि पाणी भलत्याच शेतांत शिरून पिके कुजू लागली. राजा मात्र दिवेलागण झाली की सारीपाट मांडी आणि समोरच्या रिकाम्या बैठकीकडे बघत बसे. त्या बैठकीवर कनकांगी बसलेली असे. ती सोंगट्या हलवी, तर राजाला त्या जागच्या जागीच दिसत.

पंधराव्या दिवशी ती रडत साळुंकीकडे गेली.

“मी तुला दिसते?”

“दिसतेस. मला तू हरवलेले नाहीस,” साळुंकी म्हणाली. “शंभर डाव कपटाने जिंकले, की हरलेल्यांना जिंकणारा दिसेनासा होतो. मांत्रिकाचे तेच झाले; त्याने तर एका पैजेत सगळे राज्यच हरवले, म्हणून इथल्या कुणालाच तो दिसत नाही. राजाला मी सांगून पाहिले. तो म्हणाला, बिचारी साळुंकीही दुःखाने भ्रमली.”

“उपाय सांग.”

“उपाय लहान आहे, पण सोपा नाही. तीन डाव खेळ. चंचीला हात लावायचा नाही, जिवाच्या आकांताने खेळायचे, आणि तरी हरायचे. हरल्यावर ‘मी हरले’ असे आपल्या तोंडाने म्हणायचे. एकेक डावाला एकेक सागरगोट्याचे विष उतरेल. पहिला डाव तळ्यावरच्या बगळ्याशी, दुसरा करवंदीच्या जाळीतल्या सरड्याशी.”

“आणि तिसरा?”

“बापाशी.”

कनकांगी तळ्यावर गेली. बगळा पाण्यात एका पायावर उभा होता. त्याच्याशी खेळ ठरला: लंगडी घालत तळ्याला वळसा. कनकांगीला वाटले, हे तर सोपे. ती दहा उड्या मारून पडली आणि म्हणाली, “मी हरले.” तिने चंचीत पाहिले. तिन्ही सागरगोटे लालच होते.

बगळ्याने मान वाकडी केली. “तू पडलीस, की पडल्यासारखे केलेस?”

कनकांगीने मान खाली घातली.

“मला काय लिंबूटिंबू समजलीस?” बगळा रागावला. “माझे पाय बारीक आहेत, म्हणून माझी दया आली? मला माझा डाव खेळू दे आणि तू तुझा खेळ. जिंकायची मुभा दिलेला गडी खेळात नसतोच. त्याला नुसते बसवून ठेवलेले असते.”

कनकांगी तिथेच काठावर बसली. बापाने भलत्या हलवलेल्या सोंगट्या तिला आठवल्या. काणाडोळा आठवला. रोजचे “हरलो गं बाई” आठवले. पाच वर्षे तिला वाटत होते, की आपण खेळतो आहोत. तिचे डोळे भरून आले. आधी रागाने, मग लाजेने. कारण भिवराच्या हातून तिने काय काढून घेतले, तेही तिला त्याच क्षणी कळले.

“पुन्हा खेळू या,” ती उठून म्हणाली.

या खेपेस तिने खरोखर लंगडी घातली. अर्ध्या वळशाला पायात गोळे आले. बगळा सावकाश, न दमता पुढे चालला होता. तिचा हात आपोआप कमरेकडे गेला, तेव्हा तिने दोन्ही हात डोक्यावर धरले आणि तशीच लंगडी घालत राहिली. बगळा पाच उड्यांनी जिंकला.

“मी हरले,” ती धापा टाकत म्हणाली. ते शब्द चिंचेपेक्षा आंबट होते. एक सागरगोटा करडा झाला, रानात मिळतो तसा. आणि परतताना तिच्या पावलांचा आवाज पहारेकऱ्यांना ऐकू येऊन ते दचकले.

सरड्याशी लपंडाव ठरला. “राज्य कुणावर?” सरड्याने विचारले.

“माझ्यावर,” कनकांगी म्हणाली.

तिने डोळे मिटून शंभर आकडे मोजले. साठाव्या आकड्याला अगदी कानाजवळ पान सळसळले. पापणी उचलली असती, तर सरडा दिसला असता. तिने डोळे इतके घट्ट मिटले, की कपाळ दुखू लागले. मग तिने सकाळपासून सूर्य कलेपर्यंत प्रत्येक फांदी, प्रत्येक दगड तपासला. हात काट्यांनी ओरबाडले. शेवटी ती म्हणाली, “सरडेबुवा, मी हरले. बाहेर या.”

“मी तुझ्या खांद्यावर आहे,” सरडा म्हणाला. “केव्हाचा!”

आणि नवल असे, की कनकांगीला हसू आले. हरून हसण्याची तिची ती पहिलीच वेळ. दुसरा सागरगोटा करडा झाला, आणि आता तिच्या हातची वस्तू लोकांना हलताना दिसू लागली.

दिवेलागणीला राजाने सारीपाट मांडला. समोरचे फासे आपोआप उचलले गेले आणि पटावर पडले. एक सोंगटी चार घरे पुढे गेली. “कनू,” राजा पुटपुटला, “तू आहेस ना?”

त्याने फासे टाकले. दान सुरेख पडले, लेकीची सोंगटी मारण्याजोगे. राजाने सवयीने भलतीच सोंगटी सरकवली.

ती सोंगटी उचलली गेली आणि होती तिथे परत ठेवली गेली.

राजाने ती पुन्हा सरकवली. ती पुन्हा मागे आली. आणि जी सोंगटी मारायची होती, तिच्यावर दोनदा टकटक झाली.

राजाने पटावरून हात मागे घेतला. “तुला ठाऊक झाले तर,” तो हळू आवाजात म्हणाला. “बाळ, माझे चुकले. तुझे रडणे मला बघवत नसे. चंचीकडे गेलेला तुझा हातही मी पाहिला होता. बोललो नाही. बोलायला हवे होते.”

मग त्याने अस्तन्या मागे सारल्या आणि पाच वर्षांत प्रथमच तो लेकीशी खेळला. काय खेळला! तरुणपणी सात राज्यांत त्याला तोड नव्हती. कनकांगीनेही जीव ओतला. तिने त्याच्या तीन सोंगट्या मारल्या, त्याने तिच्या पाच. शेवटी दोघांची एकेक सोंगटी घरात जायची राहिली. कनकांगीला सहा हवे होते, पाच पडले. राजाला दोन हवे होते, दोनच पडले.

चंचीत उरलेला लाल सागरगोटा निखाऱ्यासारखा तापला होता. तिने त्याला हात लावला नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “मी हरले.”

राजाने ते ऐकले. त्याने मान वर केली. समोर त्याची लेक बसली होती. केस विस्कटलेले, हातांवर काट्यांचे ओरखडे, डोळ्यांत पाणी. राजा पट ओलांडूनच तिच्याकडे धावला आणि सोंगट्या दालनभर उधळल्या.

त्याच घटकेला तिसरा सागरगोटाही करडा झाला, आणि खजिन्याच्या दालनात, कोनाड्यापाशी, पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध बसलेला दिसू लागला. तो मांत्रिक होता. तीनशे वर्षे तो तिथेच बसून होता. साळुंकीने त्याला पाणी दिले.

दुसऱ्या दिवशी राजा दरबारात बसला आणि कालव्याच्या पाण्याचा निवाडा त्याने दुपारच्या आत केला. कनकांगी घरोघर गेली. सेनापतीला, प्रधानाला, आचाऱ्याला, स्वाराला तिने खरे ते सांगितले. प्रधानाने हात जोडले, “राजकन्येने मनाला लावून घेऊ नये.” आचाऱ्याने मात्र दोन नवी कोडी घातली, आणि ती एकही सोडवू शकली नाही.

भिवराने हात जोडले नाहीत. ती आळ्यातले तण उपटत म्हणाली, “सात डाव होते.”

“सातही तुझेच.”

“मला फुकटचे नकोत. सातही पुन्हा खेळायचे.”

ते खेळायला तीन दिवस लागले. भिवराने सहा जिंकले, आणि सातव्यावरून दोघींचे मोठे भांडण झाले. मांत्रिकाला पंच नेमले होते. त्याने डाव बरोबरीत सोडवला, तर दोघीही त्याच्यावर उखडल्या.

आणि राजा? तो रोज दिवेलागणीला मनापासून खेळू लागला आणि रोज जिंकू लागला. कधी कनकांगी रुसून न जेवता निजे. पण राजा डाव सोडत नसे. सकाळी उठून तीच विचारी, “आज पुन्हा?” राजा म्हणे, “आज पुन्हा.”

असे दीड वर्ष गेले. एका संध्याकाळी कनकांगीने शेवटची सोंगटी घरात नेली, तेव्हा राजाच्या दोन बाहेरच होत्या. राजाने पट न्याहाळला, दाने पुन्हा आठवून पाहिली, भुवया आवळल्या. “थांब, थांब. मी ती हिरवी आधी काढली असती तर?” ताट वाढून झाले, तरी तो उठेना. सात राज्यांत तोड नसलेला राजा धोतराचा सोगा सावरत पटाभोवती फिरत होता, आणि त्याला खरोखरच वाईट वाटत होते.

कनकांगी गालांवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली आणि मग टाळ्या पिटून हसली.

तिने जिंकलेला हा पहिला डाव. त्याआधीचे त्या राज्यात कुणी मोजत नाही, तीही नाही.