सहा पिस्टन, एकच हात

ती शर्यतीची गाडी लाल होती की पिवळी, हे आता मला नीट आठवत नाही. कुमुद दिवेकरचं उत्तर मात्र आठवतं, निदान तसं वाटतं.

कुमुद आमच्या कोल्हापूरच्या मोटार क्लबची इंजिनिअर होती. अध्यक्ष तात्यासाहेब आपल्याच कारखान्यातले पिस्टन क्लबला पुरवत. वडिलांच्या मागे त्यांनी कारखाना हाती घेतला आणि मालाचा दर्जा घसरत गेला. एकदा सरावातच इंजिन फुटलं.

सभेत तात्यासाहेब म्हणाले, "माल उत्तम आहे. बाईंचा हात वाईट आहे. त्यांना आजच मोकळं करा."

कुमुदने खोललेल्या इंजिनचे सहाही पिस्टन टेबलावर मांडले. "हे सगळे मीच बसवले, तात्यासाहेब. तुमच्या वडिलांच्या वेळचे तीनच उरले होते, म्हणून बाकीचे तीन तुमचे घातले. फुटलेत कोणते, तुम्हीच बघा."

तिन्ही नवेच फुटले होते.

"माझा हात वाईट असता तर त्याने सहाही फोडले असते," ती म्हणाली. "तुमचे कोणते, हे त्याला कुणी सांगितलं?"

कुमुदची नोकरी राहिली; पिस्टन दुसरीकडून येऊ लागले.

पुढे अनेक वर्षांनी त्या कारखान्याच्या निवृत्त मॅनेजरला विचारून मी एक खात्री करून घेतली. तात्यासाहेबांच्या स्वतःच्या गाडीत शेवटपर्यंत वडिलांच्या वेळचेच पिस्टन होते.